तपासनिसाची झडती

संगणक-सुरक्षा कंपनी क्राउडस्ट्राइकचा तिच्या सदोष अपडेटवरचा सविस्तर अहवाल मंगळवारी, ६ ऑगस्ट २०२४ला आला आणि दोन दिवसांत विसरलाही गेला. निळे पडदे, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास, ८५ लाख संगणक हे सगळं १९ जुलैपासून इतकं वाचून झालं होतं की त्यात कुणाला रस उरला नव्हता. मला मात्र त्या अहवालातला एक तपशील सोडवत नाही.

बिघडलेली फाइल तपासणी चुकवून बाहेर पडली नव्हती. तिची रीतसर तपासणी झाली होती, यंत्रानेच ती केली होती आणि यंत्राने तिला पास केलं होतं. खोट तपासनिसातच होती. ‘कंटेंट व्हॅलिडेटर’ नावाचा तपासणारा प्रोग्राम २१ मूल्यं येणार असं धरून चालला होता, प्रत्यक्षात येत होती २०. महिनोन्महिने हे कुणाला कळलं नाही, कारण चाचण्यांमध्ये एकविसाव्या जागी दर वेळी ‘काहीही चालेल’ अशा अर्थाची खूण भरलेली असे. जिथे काहीही चालतं, तिथे काही नसलं तरी चालून जातं. १९ जुलैला त्या जागी पहिल्यांदाच नेमकी अट आली. ग्राहकांच्या संगणकांवरचा क्राउडस्ट्राइकचा प्रोग्राम मुळात नसलेलं एकविसावं मूल्य वाचायला गेला आणि विंडोज आडवं झालं. ही फाइल बाहेर होती आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ते १०.५७, अवघी ७८ मिनिटं.

आमच्या रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्याला असा दणका नवा नाही. जून २०१७च्या अखेरीस न्हावा शेव्याच्या बंदरातलं मर्स्क समूहाचं गेटवे टर्मिनल नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने ठप्प केलं होतं. तो हल्ला होता, ही चूक. पण दोन्ही संकटं आली विश्वासातल्या दारातून, अपडेट बनून. नॉटपेट्याचा उगम युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. निस्तरताना मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

बंदराची गोष्ट मोठ्यांची. त्याच किनाऱ्याने खाली नागाव, काशीद, दिवेआगरला उतरलं की घरटी कॉटेज आणि कॉटेजगणिक संकेतस्थळ. जगातली ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं वर्डप्रेसवर चालतात, तेव्हा यातलीही बरीचशी त्यावरच असणार. वर्डप्रेस पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे, आणि पीएचपीची आवृत्ती बदलली की जुना कोड कुरकुरतो. होस्टिंगवाला एका रात्रीत ७.४ वरून ८ वर नेऊन ठेवतो आणि ऐन शनिवार-रविवारी बुकिंगच्या पानावर पांढराशुभ्र पडदा येतो. हे आधीच ओळखायला कोड तपासणारी साधनं असतात. त्यांच्या शैलीच्या बाजूबद्दल मी फार बोलणार नाही. कंस कुठे आणि जागा किती सोडायची यावर प्रोग्रामर मंडळी तासन्‌तास भांडतात, ती भांडणं यंत्राने मिटवलेलीच बरी. जीव अडकतो तो सुसंगततेत: हा कोड नव्या आवृत्तीवर चालेल का?

पीएचपीकंपॅटिबिलिटी नावाचा नियमसंच नेमकं हेच तपासतो. चांगलंच साधन आहे. पण २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याची शेवटची स्थिर आवृत्ती, ९.३.५, डिसेंबर २०१९ मधली होती आणि पीएचपी ८.० आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. म्हणजे नेहमीच्या वाटेने ते उतरवून घेणाऱ्याच्या हाती येणारा तपासनीस पीएचपी ८च्या जन्माआधीचा. काही गोष्टी त्यालाही ठाऊक आहेत, कारण त्या जाणार हे आधीच जाहीर झालं होतं. बाकीच्यांवर तो बिनदिक्कत हिरवी खूण देतो. नवे नियम तेव्हा विकासाच्या शाखेत होते. ते मुद्दाम मागून घ्यावे लागत आणि त्यासाठी ते तिथे आहेत हे आधी माहीत असावं लागे.

काही गोष्टी तर कुठल्याच आवृत्तीच्या आवाक्यात येत नाहीत. समजा, कॉटेजच्या फॉर्ममध्ये एक अट आहे: आगाऊ रक्कम शून्य असेल तर ‘पैसे बाकी’ दाखव. पाहुण्याने ती चौकट रिकामी सोडली. पीएचपी ७ला रिकामी चौकट आणि शून्य सारखंच, त्यामुळे ‘पैसे बाकी’ दिसायचं. पीएचपी ८ला ती दोन वेगळी. आता दिडकीही न देणारा पाहुणा पैसे भरलेल्यांच्या रांगेत जाऊन बसतो. कुठे चूक दाखवली जात नाही, पडदा पांढरा होत नाही. कोड नुसता वाचून तपासणाऱ्या यंत्राला त्या चौकटीत उद्या काय येणार हे दिसूच शकत नाही.

मग अशा तपासनिसाची परीक्षा घ्यायची कशी? वर्तमानपत्रांनी नव्या मुद्रितशोधकाची घ्यावी तशीच. मुद्दाम चुका पेरलेला मजकूर हाती द्यायचा आणि किती सापडल्या ते मोजायचं. पीएचपीकंपॅटिबिलिटी ज्यावर चालतो त्या पीएचपी कोडस्निफर या साधनात प्रत्येक नियमामागे वाईट कोडने भरलेली एक फाइल असते आणि शेजारी यादी: अमुक ओळीवर इतक्या चुका निघाल्याच पाहिजेत. कमी निघाल्या तर नापास, जास्त निघाल्या तरीही नापास. साधन चूक स्वतः दुरुस्त करत असेल, तर दुरुस्तीनंतर फाइल कशी दिसावी याचाही नमुना ठेवलेला असतो. जावास्क्रिप्टच्या ईएसलिंटमध्येही हीच रीत: एका बाजूला योग्य नमुने, दुसऱ्या बाजूला अयोग्य.

योग्य नमुन्यांकडे काणाडोळा होतो आणि तिथेच पुष्कळ साधनं मार खातात. विनाकारण ओरडणारा तपासनीस फार दिवस टिकत नाही. कोडमध्ये ‘इथे दुर्लक्ष कर’ अशी सूचना लिहायची सोय असते. ती एकदा सवयीची झाली की खऱ्या चुकाही तिच्या आडोशाला राहतात.

आणि ही वाईट कोडची संग्रहालयं सांभाळतं कोण? पीएचपीच्या जगात या प्रश्नाला बरंचसं एकच उत्तर आहे: ज्युलिएट रेन्डर्स फोल्मर. या डच बाईंच्या कामावर मी जरा जास्तच लिहितोय, पण लिहायलाच हवं. पीएचपीकंपॅटिबिलिटीचा मोठा भार त्यांच्यावर, वर्डप्रेसच्या नियमसंचाचाही. डिसेंबर २०२३ मध्ये स्क्विझ या मूळच्या कंपनीने कोडस्निफरवरचा हात काढला, तेव्हा तेही त्यांनीच नव्या ठिकाणी नेऊन चालू ठेवलं. पैशांच्या पाठबळाशिवाय हे असं चालणार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. कोट्यवधी संकेतस्थळं ज्या चाळणीतून जातात तिची देखभाल मूठभर माणसांच्या रिकाम्या वेळेवर सोडायची आणि ‘नवी स्थिर आवृत्ती कधी?’ म्हणून वर तगादा लावायचा, याला माझ्या मते कंजूषपणाच म्हणायचं.

तपासनिसाची उलटतपासणी घ्यायची आणखी एक युक्ती आहे, १९७०च्या दशकातली. तपासणाऱ्या प्रोग्रामचीच एखादी ओळ मुद्दाम बिघडवायची, ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘पेक्षा कमी’ करायचं, आणि त्याच्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. सगळ्या हिरव्याच राहिल्या तर त्या ओळीवर कुणाचंही लक्ष नाही. क्राउडस्ट्राइकच्या चाचण्यांना या कसोटीला लावलं असतं, एकविसावं मूल्य काढून घेऊन पाहिलं असतं, तर ‘काहीही चालेल’ या खुणेने त्यांना हिरवंच ठेवलं असतं आणि भोक दिसलं असतं.

आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलला प्रोग्राम चालला, आउटपुट आलं, जर्नलवर सही झाली की काम संपतं. मोडणाऱ्याला गुण नसतात. याच रायगड जिल्ह्यात, माणगावजवळ लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या अंतिम वर्षाच्या एखाद्या गटाने हजेरीचं आणखी एक अ‍ॅप करण्याऐवजी पीएचपीकंपॅटिबिलिटीसाठी पीएचपी ८वर मोडणारे नमुने लिहून पाठवावेत. हा प्रकल्प कुणालाही खुला आहे, नमुने पाठवायला आधी मंजुरी लागत नाही, आणि नमुना निकामी असेल तर तो का, हे तपासणारे लेखी सांगतात. गुणही त्यावरच द्यावेत: तपासनिसाला चकवणाऱ्या किती फाइली सापडल्या, आणि त्यातली प्रत्येक चकवते ती नेमकी कुठल्या ओळीवर.