रामघाटावरचं बंद घर आणि संडासाचा वास
काशीच्या रामघाटावर मराठी वैदिकांची वस्ती जुनी. सांगवेद विद्यालय इथलंच. इथलं एखादं घर उन्हाळाभर बंद राहिलं की दार उघडताच संडासाचा वास येतो. भांडं घासून तो जात नाही, कारण तो बहुधा गटारातून येतो. भांड्याखालच्या वाकड्या नळीत साधारण ५० मिलिमीटर खोल पाणी साठतं आणि गटारातला वायू अडवतं. ते आटलं की वाट मोकळी. बादलीभर पाणी ओता. पुन्हा कुलूप लावताना वर थोडं गोडेतेल सोडा, म्हणजे पाणी सावकाश उडतं. तरीही वास राहिला, तर गच्चीवरचा व्हेंट पाइप तुंबलाय का पाहा, मग भांड्याच्या बुडाचा सांधा. ॲसिड हा आपला लाडका उपाय; पण ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन सुटतो. भांड्याला तडा असेल, तर मात्र ते बदलाच.