तासाला सतरा वेळा पडणारं मूल

नुकतंच चालायला लागलेलं मूल किती चालतं? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना खेळायला मोकळं सोडून त्यांची पावलं मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली ती अशी : तासाला २,३६८ पावलं, सुमारे ७०० मीटर अंतर आणि १७ वेळा पडणं. या मुलांना कोणी ‘चल, चाल’ म्हणून उठवत नव्हतं. पडायचं, उठायचं, पुन्हा निघायचं, हा उद्योग त्यांचा त्यांनीच चालवला होता. म्हणून दीड-दोन वर्षांच्या मुलाला घरात कोणते खेळ शिकवावेत, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : दिवसभरात आपण त्याला किती वेळ अडवून ठेवतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाची दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, असं त्यात म्हटलं आहे. तीन तास म्हटल्यावर आईबापांच्या पोटात गोळा येतो आणि कुठल्या तरी ‘टॉडलर जिम’ची चौकशी सुरू होते. पण ही हालचाल हळू-जोरात कशीही चालते आणि दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी झाली तरी पुरते. त्याच सूचनांमधलं एक कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही : मुलाला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून बसवू नये. जेवताना उंच खुर्ची आणि समोर मोबाइल, बाहेर बाबागाडी, मोटारीत पट्टा. यातलं प्रत्येक साधन सोयीचंच असतं, मोटारीतला पट्टा तर हवाच. पण दिवसाची बेरीज केली की मुलाच्या पायांच्या वाट्याला फार थोडा वेळ उरतो. पडद्याबाबत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे : दोन वर्षांच्या आत अजिबात नको.

चाकांच्या वॉकरचंही तेच. मूल त्यात लोंबकळत बसतं, पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं आणि भलत्या वेगाने जिन्यापाशी किंवा गरम चहाच्या कपापाशी पोचतं. वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही. अपघात मात्र इतके झाले, की कॅनडाने २००४मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा जुना लाकडी पांगुळगाडा याहून बरा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं आणि स्वतःचा तोल स्वतः सांभाळतं. गुळगुळीत फरशीवर तोही सुळकन पुढे जातो, तेव्हा जवळ कोणी तरी हवंच.

मग खेळायचं काय? ओट्याखालचा एक कप्पा मुलाच्या नावावर करून द्यावा आणि त्यात स्टीलचे रिकामे डबे, पातेलं, प्लास्टिकच्या वाट्या ठेवाव्यात. मूल डबा ओढून काढतं, दोन्ही हातांनी पोटाशी धरतं आणि चालू लागतं. आता तोल सावरायला हात मोकळे नसतात, म्हणजे सगळं काम पाय आणि कंबर करतात. झाकण खाली पडलं की ते उकिडवं बसतं, झाकण उचलतं आणि हात न टेकता उठतं. (मोठ्यांनी हे एकदा करून पाहावं.) याशिवाय जमिनीवर रचलेल्या उशा-लोडांवरून चढउतार, पलंगावरून टांगलेल्या चादरीखालून रांगत जाणं, धुतलेले मोजे एकेक करून बादलीत टाकणं, गाणं लावून नाचणं. खेळण्यांच्या दुकानात जायची गरज नाही.

‘वन रूम किचनमध्ये हे जमायचं कसं?’ हा आक्षेप खरा आहे, पण पूर्ण नाही. या वयाच्या मुलाला मैदानापेक्षा मोकळी फरशी हवी असते, आणि टीपॉय तासभर भिंतीला लावला तरी ती मिळते. खालच्या मजल्यावरच्यांना धपधप ऐकू जाते. त्यावर जाड सतरंजी आणि दुपारची वेळ टाळणं एवढाच उपाय आहे. मूल सांभाळणाऱ्या आजीचे गुडघे दुखत असतील, तर तिने त्याच्यामागे धावावं अशी अपेक्षाच चूक. तिने खुर्चीत बसून चेंडू घरंगळत सोडावा, आणायचं काम मुलाचं. राहिली पडायची भीती. मोकळ्या फरशीवर आपल्या उंचीवरून पडणं हा चालायला शिकण्याचाच भाग आहे. खिडकीला गज नसणं, न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली, हाताला लागेल असा शेंगदाणा किंवा बटणाएवढा सेल, हे मात्र जिवावरचे धोके आहेत. ‘पडशील, पडशील’ असं दिवसभर ओरडण्यापेक्षा सकाळी दहा मिनिटं घालवून हे धोके दूर करावेत आणि मग मुलावर नजर ठेवून गप्प बसावं.

चालण्याचं वय प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. कोणी नवव्या-दहाव्या महिन्यात पाऊल टाकतं, कोणी सोळाव्या-सतराव्या. शेजारच्या बाळाशी तुलना करून काही हाती लागत नाही. दीड वर्ष पूर्ण होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.