पाठशाळेतला ‘ण’

अमरावती-अकोल्याकडे घरी ‘पानी’, ‘कोन’, ‘बहीन’ असे बोलणारे मूल पाठशाळेत ‘णमो’ऐवजी ‘नमो’ म्हणते आणि ‘उच्चार अशुद्ध’ हा शेरा ऐकून गप्प होते. हा शेरा घाईचा आहे. ‘ण’च्या जागी ‘न’ येणे हा वऱ्हाडी बोलीचा नियम आहे, जिभेचा आळस नव्हे. शिवाय बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात शब्दारंभीचा ‘न’ विकल्पाने मान्य केला आहे. ‘नमो’ हा पाठही परंपरेत रूढ आहे. ‘साहूणं’मधल्या ‘ण’ला मात्र ही सवलत नाही. तो शिकवावाच लागतो.

कसा? जो भेद कानाला कळत नाही, तो जिभेला सहसा साधत नाही. म्हणून आधी ‘मन’ आणि ‘मण’, ‘सन’ आणि ‘सण’ अशा जोड्या ऐकवाव्यात. मुलाने नुसते ओळखावे, उच्चार मागाहून. निव्वळ घोकंपट्टीने चूकच पक्की होण्याचा संभव अधिक!

अर्थासाठी तर घरची भाषा हाच मोठा आधार. साव असल्याचा आव आणणारा माणूस मुलांना माहीत असतो. त्यातला ‘साव’ म्हणजे ‘साधु’वरून आलेला प्राकृत ‘साहु’च. ‘हत्थ’, ‘कण्ण’, ‘दुद्ध’, ‘अट्ठ’ फळ्यावर लिहिले, तर हात, कान, दूध, आठ हे मुले स्वतःच सांगतील. ‘पढम’पाशी अडतील, तेथे अर्थ सरळ सांगावा. पहिल्या भाषेतील सामर्थ्य दुसऱ्या भाषेच्या कामी येते, असे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले. प्राकृत आणि मराठी तर एकाच घराण्यातल्या.

या अध्ययनाला वऱ्हाड नवा नाही. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या कारंजाच्या नावाने निघालेल्या जैन ग्रंथमालेत १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी संपादिलेले अपभ्रंश ‘जसहरचरिउ’ आले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकविणारे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून धवला टीकेसह ‘षट्खंडागम’ प्रकाशात आणला. त्याचे मंगल म्हणजे हाच णमोकार मंत्र. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत जपलेला हा ग्रंथ त्यांनी नागरीत आणि हिंदी अनुवादासह दिला. पाठशाळेच्या वहीत त्याच धर्तीवर मूळ शब्दांखाली एक ओळ मराठीची, हवी तर वऱ्हाडीची, मुलांकडूनच लिहून घेता येईल.