चरबीचं जनुक आणि आत्याची फाइल

"मावशी, जीन टेस्ट करून घेऊ का गं? लाळ कुरियरनं पाठवायची, बस." दिवाळीत फराळाचं ताट पुढ्यात असताना भाचीनं विचारलं. तिच्या आत्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. आत्या आता बरी आहे, पण पोरीच्या मनातली धास्ती गेलेली नाही. त्यात फोनवर जाहिरात: 'तुमच्या चरबीची जनुकं कर्करोगाबद्दल काय सांगतात?'

प्रश्न अगदीच हवेतला नाही. चरबी म्हणजे नुसता साठा, असं बराच काळ मानलं जायचं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं आणि चरबीच्या पेशी रक्तात हार्मोन सोडून मेंदूशी बोलतात हे स्पष्ट झालं. अंगावर चरबी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. अडिपोनेक्टिन नावाच्या दुसऱ्या हार्मोनचं उलट आहे. चरबी वाढली की ते घटतं. प्रयोगशाळेत पाहिलं तर लेप्टिन कर्करोगाच्या पेशींना वाढायला मदत करतं आणि अडिपोनेक्टिन त्यांना आवर घालतं. शिवाय पाळी गेल्यानंतर चरबीतही इस्ट्रोजेन तयार होत असतं. म्हणून त्या वयात लठ्ठपणामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी चालू असतानाचं गणित मात्र इतकं सरळ नाही.

आता जनुकं. ही हार्मोनं बनवण्याची कृती जनुकांत लिहिलेली असते आणि माणसामाणसांत त्या कृतीत एखाद्या अक्षराचा फरक असतो. अमेरिकेत २००८ साली ७३३ रुग्ण स्त्रिया आणि ८३९ निरोगी स्त्रियांची तुलना झाली. अडिपोनेक्टिनच्या जनुकातले काही फरक आणि हा आजार यांचा संबंध त्यात दिसला. बातम्याही झाल्या. पण नंतरच्या अभ्यासांत कुठे संबंध दिसला, कुठे दिसलाच नाही. एवढ्यावर कुणा एकीचं भविष्य सांगणं म्हणजे पत्रिका बघण्यासारखंच, फक्त महाग.

बीआरसीए १ आणि २ या जनुकांची गोष्ट वेगळी. त्यांत दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या आत हा आजार होतो. मात्र आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण एकूण शंभरांत पाच ते दहाच.

"पण मी तर बारीक आहे," भाची म्हणाली. इथे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असं आपल्याकडचं माप आहे.

मग मी तिला किटऐवजी वही काढायला लावली. दोन्हीकडच्या नातेवाइकांत कुणाला कुठला कर्करोग आणि कितव्या वर्षी झाला? पन्नाशीच्या आत कुणी? अंडाशयाचा? पुरुषाला स्तनाचा? यातलं काही निघालं तर आधी जनुकीय सल्लागाराला भेटायचं, तपासणी कोणती करायची ते मग ठरवायचं.

आईबद्दलही बोललो. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित कार्यकर्तीनं दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. माझी ताई बावन्नची आहे आणि तिनं अशी तपासणी एकदाही केलेली नाही. "मला कुठे काय होतंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

वहीत आजोळची बाजू पटकन भरली. वडिलांकडची अडली, कारण पणजी 'पोटाच्या दुखण्यानं' गेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. भाचीनं तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, "फाइल कपाटात आहे, ये घेऊन जा. आणि पणजीचं खरं काय ते मी सांगते तुला."