'व्यक्ती' ह्या शब्दाविषयी

पवित्र त्रैक्याच्या सणाची उपासना आटोपल्यावर बेळगाव भागातील एका वृद्ध भगिनीने मला विचारले, "फादर, व्यक्ती म्हणजे माणूसच ना? मग देव तिघे झाले की! शेजारीण विचारते, तिला काय सांगू?" "आजी, हे रहस्य आहे," एवढेच बोलून मी निघालो. ती गप्प राहिली; पण तिचे समाधान झाले नव्हते. त्या दिवशी उणे पडली ती माझी शिकवण.

'एक तत्त्व, तीन व्यक्ती' हे सूत्र आपण पाठ म्हणतो. परंतु आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र देह, स्वतंत्र बुद्धी व इच्छा असलेला मनुष्य. ह्या अर्थाने सूत्र ऐकणाऱ्यास तीन देव दिसणारच. उलट, संस्कृतात ह्या शब्दाचा मूलार्थ 'व्यक्त होणे, प्रकट होणे' असा आहे. तोच धरला तर एकच देव तीन रूपांनी प्रकटतो, असे वाटू लागते. दोन्ही अर्थ धर्मसभेने नाकारलेले आहेत.

हा गोंधळ केवळ मराठीचा नव्हे. ग्रीक भाषेत 'ऊसिया' व 'हिपोस्तासिस' हे शब्द प्रारंभी जवळजवळ समानार्थी होते; 325 सालच्या निकेया धर्मपरिषदेच्या निषेधवचनातही ते तसेच आले आहेत. पुढे काही ग्रीक आचार्य 'तीन हिपोस्तासिस' म्हणू लागले. लॅटिन भाषकांच्या कानी त्याचा अर्थ 'तीन तत्त्वे' असा पडे. लॅटिन 'पेर्सोना' शब्दाचा एक अर्थ नटाचा मुखवटा. त्यामुळे ग्रीकांना शंका येई की, हे लोक त्रैक्यास सोंग समजतात काय? 362 साली आलेक्सांद्रिया येथील सभेत संत अथानासियस ह्यांच्या पुढाकाराने दोन्ही पक्षांस विचारण्यात आले, "ह्या शब्दाने आपणांस काय अभिप्रेत आहे?" उत्तरे ऐकल्यावर उमगले की, शब्द भिन्न असले तरी विश्वास एकच आहे. पुढे संत बासील आदी आचार्यांनी 'ऊसिया' म्हणजे जे समान ते, व 'हिपोस्तासिस' म्हणजे जे विशेष ते, असा भेद स्थिर केला.

संत आगुस्तीन तर स्पष्टच सांगतात की, आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो ते अगदीच मूक राहू नये म्हणून.

मग हा शब्द टाकावा काय? माझ्या मते नाही. त्याहून निर्दोष शब्द हाती नाही, आणि नव्या शब्दालाही अशीच फोड करून द्यावी लागेल. ती फोड अशी: 'तत्त्व' हे 'देव काय आहे?' ह्याचे उत्तर, 'व्यक्ती' हे 'कोण?' ह्याचे. तीन माणसांच्या तीन इच्छा असतात. देवाची इच्छा एक, सामर्थ्य एक, कृती एक. भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा: पिता जन्म देणारा, पुत्र पित्यापासून जन्मलेला, पवित्र आत्मा निघणारा. जन्म हा शब्दही येथे काळाच्या पलीकडील अर्थाने घ्यावयाचा.

एवढे सांगूनही रहस्य उरतेच. परंतु शब्दाचा गुंता सोडविल्यानंतर उरते ते रहस्य. त्याआधी असतो तो केवळ गोंधळ. त्या आजींना मी पुन्हा भेटलो तेव्हा एवढेच म्हणालो, "शेजारणीला सांगा, आमचा देव एकच आहे, आणि त्या एका देवात प्रीती अनादी आहे." आजी म्हणाल्या, "हे सांगता येईल."