मजुरांची कागदपत्रं: काय बघायचं, काय नाही



द्राक्षाची छाटणी, थिनिंग, पुढे कांदा लागवड. पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या पुरत नाहीत, मग मुकादम परराज्यातले मजूर आणतो. "त्यात कोणी बांगलादेशी निघाला तर?" हा प्रश्न बरेच सभासद विचारतात.

*कायदा काय सांगतो?*
1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला, 1946 चा जुना रद्द झाला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात घुसणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस शेतावर आले तर पहिला प्रश्न आपल्यालाच: हे कोण, कुठले, कोणी आणले?

*आधार म्हणजे नागरिकत्व नाही*
आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच तसं लिहिलंय. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की आधार, पॅन, मतदार कार्ड असलं म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. मग आधार का बघायचं? समोरचा माणूस तोच आहे ना, एवढं कळण्यासाठी. नागरिकत्व ठरवणं आपलं काम नाही.

*आपण काय करायचं*
1️⃣ उचल देण्याआधी मुकादमाकडून यादी घ्या: नाव, गाव, जिल्हा, घरचा मोबाईल नंबर.
2️⃣ नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका. आधारचा क्यूआर कोड सरकारी अ‍ॅपवर स्कॅन करून नाव-फोटो जुळवा.
3️⃣ मजूर शेतावर मुक्कामी असतील तर यादी पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या.
4️⃣ मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

*बोलीवरून माणूस ठरवू नका*
बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी नव्हे. मालदा, मुर्शिदाबाद भारतातच आहेत. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार धाडलं गेलं. ते भारतीयच निघाले, त्यांना परत आणावं लागलं. नेपाळी राखणदाराला तर 1950 च्या करारामुळे इथे राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही.

खरंच शंका आली तर पोलीस ठाण्यात किंवा 112 वर कळवा. कोणाला कोंडून ठेवू नका, हात उचलू नका. झालेल्या कामाची मजुरीही अडवू नका.

यादीचा कोरा नमुना कंपनीच्या ऑफिसात मिळेल. टोळी ठरवायच्या आधीच घेऊन जा.