ऑलिंपियाचे पत्र : परिचारिका आमदारांना भेटतात तेव्हा

वॉशिंग्टन म्हटले की व्हाइट हाऊस डोळ्यांपुढे येते. पण हे पत्र देशाच्या दुसऱ्या टोकाच्या, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातून आहे. ऑलिंपिया ही त्याची राजधानी, सिएटलपासून शंभरेक किलोमीटरवर. नर्सला जेवणाची सुटी मिळणार की नाही, तिच्यावर ओव्हरटाइमची सक्ती करता येईल की नाही, असे प्रश्न अमेरिकेत बरेचसे राज्याच्या कायद्यांवर सुटतात. म्हणून इथल्या नर्सेस आपले गाऱ्हाणे घेऊन आधी ऑलिंपियाला येतात.

राज्यात 49 मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी निवडून येतात, म्हणजे प्रत्येक नर्सला स्वतःचे तीन आमदार. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होते; विषम वर्षी 105 दिवस, सम वर्षी अवघे 60. ठरल्या तारखेपर्यंत समितीतून बाहेर न पडलेले विधेयक बहुधा तिथेच संपते. त्यामुळे भेट वेळेवर झाली तरच उपयोगाची.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातले मोर्चे पाहिलेल्या आपल्या वाचकांना इथली रीत वेगळी वाटेल. 1908 साली स्थापन झालेली राज्याची नर्सेस संघटना अधिवेशनकाळात सदस्यांना राजधानीत बोलावते आणि आपापल्या आमदाराच्या कार्यालयात पाठवते. भेट पंधरा मिनिटांची, कधी त्याहूनही कमी. आमदार सभागृहात असले तर त्यांचे सहायक भेटतात. नवख्या नर्सेस त्याने हिरमुसतात, पण हिरमुसण्याचे कारण नाही. कोण कशासाठी आले होते याची नोंद हे सहायकच ठेवतात आणि आमदारांपर्यंत तेच पोचवतात.

नर्सने पहिल्याच वाक्यात सांगायचे, ‘मी तुमच्या मतदारसंघात राहते.’ मग विधेयकाचा क्रमांक आणि मागणी, तीही एकच. त्यानंतर आपल्या पाळीत घडलेला एखादा प्रसंग, रुग्णाची ओळख कुठेही उघड न करता. आपण रुग्णालयाच्या वतीने नव्हे, स्वतःच्या वतीने बोलतो आहोत, हेही स्पष्ट करायचे. एका पानाचे टिपण ठेवून निघायचे आणि दोन दिवसांत आभाराचे पत्र पाठवायचे. आकडेवारी संघटना देतेच. पण रात्रपाळीत एकाच वेळी दोन रुग्णांची प्रकृती ढासळते तेव्हा वॉर्डात काय होते, ते तिथे उभ्या असलेल्या बाईखेरीज कोण सांगणार?

हे सांगणे किती गरजेचे आहे ते एप्रिल 2019 मध्ये कळले. नर्सेसना अखंड जेवणाची आणि विश्रांतीची सुटी देणाऱ्या 1155 क्रमांकाच्या विधेयकावर सिनेटमध्ये चर्चा चालू होती. ग्रामीण भागातली छोटी रुग्णालये त्यातून वगळावीत, असे मांडताना सिनेटर मॉरीन वॉल्श म्हणाल्या की, तिथल्या नर्सेस दिवसाचा बराच वेळ बहुधा पत्ते खेळत असतील. देशभर संताप उसळला, त्यांच्या कार्यालयात पत्त्यांचे हजारो कॅट येऊन पडले आणि त्यांनी माफी मागितली. मला त्या संतापापेक्षा त्यामागचे अज्ञान जास्त बोचते. छोट्या रुग्णालयातली नर्स एकाच पाळीत अपघात विभागही सांभाळते आणि बाळंतपणही. हे कायदा करणाऱ्यांच्या कानावर कुणीतरी आधीच घालायला हवे होते. कायदा त्याच वर्षी झाला. छोटी रुग्णालये वगळली गेली नाहीत. त्यांना तयारीसाठी जुलै 2021 पर्यंत मुदत मिळाली.

दर वेळी एवढे हाती लागत नाही. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याची मर्यादा कॅलिफोर्नियाने 1999 च्या कायद्याने आणली आणि 2004 पासून ती अमलात आहे. वॉशिंग्टनच्या नर्सेसनाही तेच हवे होते. 2023 मध्ये रुग्णालयांच्या विरोधानंतर तडजोड झाली : संख्या कायद्यात आली नाही, मात्र प्रत्येक रुग्णालयातील समितीने मनुष्यबळाचा आराखडा ठरवायचा आणि तो वारंवार मोडल्यास कारवाई, अशी तरतूद झाली. मला ही तडजोड अपुरी वाटते. तरीही आराखडा कागदावर आल्यामुळे नर्सच्या तक्रारीला आधार मिळाला, हे मानायलाच हवे.

ड्यूटी सोडून ऑलिंपियाला येणे सगळ्यांना जमत नाही. कोविडकाळापासून समितीपुढे घरून, व्हिडिओवर साक्ष देता येते. सुनावणीच्या तासभर आधीपर्यंत नाव नोंदवायचे, बाजूने की विरोधात ते लिहायचे. बोलायला एक-दोन मिनिटे मिळतात. भारतातून किंवा फिलिपिन्समधून आलेल्या, अजून मताधिकार नसलेल्या नर्सेसनाही हा मार्ग खुला आहे. त्यांनी तो बिनधास्त वापरावा. अधिवेशन संपले की आमदार मतदारसंघात परततात. अनुभवी नर्सेस त्यांना तिथे सवडीने गाठतात, कारण जानेवारीत मांडायच्या विधेयकांची जुळवाजुळव त्याआधीच्या महिन्यांतच सुरू झालेली असते.